छबू चिचुंद्रीचं गुलाबी धोंडस

न्हाणीघराच्या मागे होतं एक बीळ. एवढंसं बीळ.
त्या बिळात राहायची छबू चिचुंद्री.
छबूचं नाक लांब. छबूची शेपटी लांब. आणि छबूची काळजी? ती तर सगळ्यात लांब!
छबूला पिल्लं होती तीन. मनू, तनू आणि धाकटा बुटुक.
मनू झोपली की छबूला वाटायचं, एवढी का झोपते?
मनू उठली की छबूला वाटायचं, आता का नाही झोपत?

तर आज काय होतं? आज पिल्लांचं उष्टावण होतं!
उष्टावण म्हणजे पहिला घास. इतके दिवस नुसतं दूध. दूध, दूध आणि दूध. आज मात्र खाऊ!
पहिला घास गोड हवा. म्हणून छबू करणार होती धोंडस.
धोंडस म्हणजे आपला गावचा केक.
छबूने घेतली नारळाची करवंटी.
रवा पडला, भुर्र!
काकडीचा कीस पडला, पच्च!
गूळ पडला, धप्प!
नारळाचं दूध पडलं, डुबुक!
छबूने सगळं कालवलं. गरगर, गरगर, गरगर.
मग आणले न्हाणीच्या चुलीतले निखारे. धोंडसाला खाली निखारे लागतात. झाकणावरही निखारे लागतात. खालून भाजतं, वरून भाजतं, आणि टम्म फुगतं!

आता राहिल्या फक्त पाकळ्या. गावठी गुलाबाच्या. गुलाबी गुलाबी.
चिचुंद्र्यांची रीतच आहे तशी. पहिला घास फुलाचा. पहिला घास सुगंधी, तर पिल्लू सुगंधी.
तसं आजवर कधी झालेलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण रीत म्हणजे रीत!
छबूने पाकळ्या धुतल्या. कपडे धुवायच्या दगडावर पसरल्या. म्हटलं, जरा निथळू देत.
मग पाठ वळवली. निखारे फुंकले. फू, फू, फू.
परत वळून बघते तर काय?
पाकळ्या गायब!
दगडाशी उभी शेळीमावशी. दाढी हलतेय. मच मच मच. दाढीला चिकटलीय एक पाकळी.
शेळीमावशीने जीभ काढली. लप्प! तीही पाकळी गेली.
"शेळीमावशी! अहो, त्या माझ्या पाकळ्या!" छबू ओरडली.
"तुझ्या होत्या?" शेळीमावशी म्हणाली. "मला वाटलं, माझंच पान वाढलंय. चांगल्या होत्या हो. जरा कमी पडल्या."
आणि शेळीमावशी गेली निघून. डुलत डुलत. मच मच मच.

छबूला आलं रडू. माझंच चुकलं, ती म्हणाली. पाकळ्या झाकायला हव्या होत्या. पण झाकल्या तर निथळणार कशा? पण निथळल्याच कशाला पाहिजेत?
तेवढ्यात निखारा चुरचुरला. चुर्र!
"छबू, लवकर ये हं. नाहीतर मी चाललो विझायला!"
"आले, आले!" छबू म्हणाली. "चला रे, धरा शेपटी!"
मनूने तोंडात धरली आईची शेपटी.
तनूने तोंडात धरली मनूची शेपटी.
बुटुकने तोंडात धरली तनूची शेपटी.
आणि निघाली वरात!
तुरुतुरु, तुरुतुरु, पुढे आई, मागे पिल्लं!

कुंपणाशी होतं गुलाबाचं झुडूप. झुडपावर एकच कळी. घट्ट मिटलेली.
छबू म्हणाली,
"गुलाबताई, गुलाबताई, उमल ना गं!
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
कळी म्हणाली, "मी नाही जा! अशी कशी उमलू? भुंगा गायला की उमलते. गाण्याशिवाय कोणी उमलतं का?"
"मी गाऊ का?" छबूने विचारलं. आणि लगेच गायली, "चीं चीं चीईईं!"
कळी आणखी घट्ट मिटली.
"बरं, बरं," छबू म्हणाली. "भुंग्यालाच सांगते."
तुरुतुरु, तुरुतुरु, पुढे आई, मागे पिल्लं!

मांडवावर होता भोपळ्याचा वेल. वेलावर होतं पिवळं फूल. तेही मिटलेलं.
फुलाच्या आतून आवाज आला. घूं... घूं...
"अगंबाई, भुंगा आत आहे!" छबू म्हणाली.
"भुंगेभाऊ, भुंगेभाऊ, गा ना हो!
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
भुंगा आतून म्हणाला, "मी नाही जा! कसा गाऊ? सकाळी आत शिरलो. जरासा डोळा लागला. तर हिने दारच लावून घेतलं! माझं नाक चेपलंय. पाय मुडपलेत. फूल उघडलं की गातो."
तनूला आलं हसू. "ही ही! नाक चेपलंय!"
हसायला तोंड उघडलं आणि शेपटी सुटली!
"तनू, शेपटी धर!" छबू म्हणाली.
तनूने शेपटी धरली. पण कोणाची? बुटुकची!
तनूने धरली बुटुकची, बुटुकने धरली तनूची. आणि दोघं फिरायला लागली गोल गोल गोल!
"अरे देवा!" छबू म्हणाली. तिने दोघांना सोडवलं. सरळ उभं केलं. नाकं पुसली.
आता जायचं होतं फुलाकडे. मग छबू कुठे गेली?
कुठेच नाही! फूल तिथेच तर होतं. छबूने फक्त नाक जरा वर केलं.

"फूलबाई, फूलबाई, उघड ना गं!
भुंगा गाईना,
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
फूल म्हणालं, "मी नाही जा! ऊन बघ केवढं! माझा रंग उडेल. केळ वाकली, सावली पडली, की उघडते."
"पण आत भुंगेभाऊ गुदमरलेत," छबू म्हणाली.
"गुदमरतोय कसला? चांगला घोरत होता!" फूल म्हणालं.
"मी नाही घोरत!" आतून भुंगा म्हणाला.
"घोरतोस!"
"नाही घोरत!"
छबूने तिथून पाय काढला.
तुरुतुरु, तुरुतुरु, पुढे आई, मागे पिल्लं!

न्हाणीच्या पाण्यावर वाढली होती केळ. उंच, उंच, उंच.
छबूने मान वर केली. आणखी वर. आणखी वर.
"केळकाकू, केळकाकू, वाका ना हो!
फूल उघडेना,
भुंगा गाईना,
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं..."
आणि मान इतकी वर गेली, इतकी वर गेली, की छबू पाठीवर पडली. पट्ट!
मागून मनू पडली, पट्ट! तनू पडली, पट्ट! बुटुक पडला... पिट्ट!
छबूने आडवं पडूनच सांगितलं,
"...उष्टावण होईना!"
केळ म्हणाली, "मी नाही जा! माझी कंबर धरलीय गं बाई. आपलं आपण वाकवत नाही. वारा सुटला, त्याने ढकललं, की वाकते."
"शेक घ्या हो कंबरेला," छबू म्हणाली. मग तिला वाटलं, उगाच बोललो का आपण? केळीला कोणी शेक देतं का?
तुरुतुरु, तुरुतुरु, पुढे आई, मागे पिल्लं!

अंगणात दोरीवर वाळत होती चादर. चादरीत झोपला होता वारा. चादर पांघरून, गुंडाळून, मजेत!
घुर्रर्र... फुस्स... घुर्रर्र... फुस्स...
"वारेदादा, वारेदादा, सूट ना रे!
केळ वाकेना,
फूल उघडेना,
भुंगा गाईना,
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
वारा चादरीतूनच म्हणाला, "मी नाही जा! सकाळ झाली की सुटतो."
"अरे दादा, दुपार झाली!" छबू म्हणाली.
"कोंबडा आरवला का?"
"नाही रे."
"मग सकाळ झालेली नाही. कोंबडा आरवला की सकाळ. दिवा मालव आणि जा." घुर्रर्र... फुस्स...
"कुठला दिवा?" छबू म्हणाली. "तो सूर्य आहे!"
पण वारा कुठला ऐकतोय!
लांबून निखारा ओरडला. चुर्र! "छबू, मी अर्धा झालो हं!"
"आले, आले! एकच काम राहिलंय!" छबू म्हणाली.
तुरुतुरुतुरु, तुरुतुरुतुरु, पुढे आई, मागे पिल्लं!

अंगणाच्या कोपऱ्यात बसला होता कोंबडा. मान खाली. तुरा खाली. अगदी हिरमुसला.
"कोंबडेराव, कोंबडेराव, आरवा ना हो!
वारा सुटेना,
केळ वाकेना,
फूल उघडेना,
भुंगा गाईना,
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
कोंबडा म्हणाला, "मी नाही जा! कसा आरवू? मी आरवतो माझ्या पाट्यावरून. तो बघ, तो फुटका पाटा. त्यावर उभा राहिलो की आवाज कसा खणखणीत निघतो! आणि खाली उभा राहिलो की? ऐक."
कोंबड्याने छाती फुगवली. मान ताणली. डोळे मिटले. आणि म्हणाला,
"कुक."
बस्स. नुसतंच कुक.
"बघितलंस?" कोंबडा म्हणाला. "आणि माझ्या पाट्यावर पहाटेपासून कोण बसलंय ते बघ! मधे एकदाच उठली. कुठे काय खाऊन आली कोण जाणे! मी धावत धावत येतोय, तर परत येऊन बसली! ती उठली की आरवतो."
छबूने बघितलं.
पाट्यावर कोण बसलं होतं?
शेळीमावशी! मच मच मच.
पुन्हा हिच्याशीच बोलायचं? पण निखारा विझत चालला होता. पिल्लांची पोटं गुडगुडत होती. गुडगुड, गुडगुड.
तुरुतुरु... तुरु... तुरु... पुढे आई, मागे पिल्लं.

"शेळीमावशी, शेळीमावशी, उठा ना हो!
कोंबडा आरवेना,
वारा सुटेना,
केळ वाकेना,
फूल उघडेना,
भुंगा गाईना,
गुलाब उमलेना,
पाकळी मिळेना,
धोंडस भाजेना,
पिल्लांचं उष्टावण होईना!"
शेळीमावशी म्हणाली, "मी नाही जा! पोट भरलंय. आत्ताच पाकळ्या खाल्ल्या ना! आता उठवत नाही."
"उठा ना हो, मावशी. जरास्सं."
"नाही जा!"
"मी... मी रागावेन हं!" छबू म्हणाली. आवाज जरा मोठा झाला का? छबूला वाटलं. की लहानच होता?
"रागाव की!" शेळीमावशी म्हणाली. "रागावून फुगलीस तर निदान दिसशील तरी!"
आणि तिने डोळे मिटले. मच मच मच.

आता काय करायचं?
छबूने घरात एक शिस्त लावली होती. कितीही राग आला तरी चारचौघांत वास सोडायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही. लोक काय म्हणतील?
पण बुटुक होता लहान. बुटुकला लागली होती भूक. बुटुकला आला होता राग.
बुटुकचे गाल फुगले. बुटुकचं नाक लाल झालं.
"आई," बुटुक म्हणाला, "मला येतोय."
"आत्ता नको रे राजा!"
"आई, येतोय!"
"दाबून धर!"
"आई, आलाच!"
फुस्स!
मग मनूलाही धरवेना. फुस्स!
तनूलाही धरवेना. फुस्स, फुस्स!
छबूला वाटली लाज. इतकी लाज, इतकी लाज! "माफ करा हं मावशी," ती म्हणाली. "लहान आहेत हो. घरी असं नाही करत..."
पण शेळीमावशीचं मच मच थांबलं होतं. एक नाकपुडी हलली. मग दुसरी हलली. दाढी उभी राहिली. ताठ!
"शी! हे काय?" शेळीमावशी म्हणाली. "कसला हा वास? थांबव! थांबव आधी!"
छबूने पिल्लांकडे पाहिलं. शेळीकडे पाहिलं.
आणि तिच्या मनात आलं, मी कशाला माफी मागतेय?
"मावशी," छबू म्हणाली, "हा तर पिल्लांचा होता. आता आईचा!"
छबूने शेपटी वर केली.
फुस्स्स्स्स्स्स!
मोठ्ठा! आईचा!
"आई गं!" शेळीमावशी ओरडली. आणि टण्णकन उडाली!

शेळी उठली!
कोंबडा धावला. पाट्यावर चढला. एका पंखाने नाक दाबलं आणि गेंगाण्या आवाजात ओरडला, "कुँकूँच कूँऽऽ!"
कोंबडा आरवला!
"अरे, सकाळ झाली!" वारा म्हणाला. चादर भिरकावली. सूंऽऽ सूंऽऽ! तो घाणेरडा वासही घेऊन गेला, पार डोंगरापलीकडे.
वारा सुटला!
वाऱ्याने केळीला ढकललं. "अगं माझी कंबर!" कर्रर्र...
केळ वाकली!
सावली पडली. पिवळं फूल म्हणालं, "हां, आता कसं गार वाटलं!"
फूल उघडलं!
भुंगा बाहेर पडला. एक पाय झटकला. दुसरा पाय झटकला. चेपलेलं नाक सरळ केलं. घूं घूं घूंऽऽ गुणगुण गुणगुण!
भुंगा गायला!
कळी डुलली. कळी हसली. टप्प!
गुलाब उमलला!
"घे गं छबू," गुलाबताई म्हणाली. "पण तू नको गाऊस हं."
एक पाकळी पडली, दोन पडल्या, ढीग पडला!
पाकळी मिळाली!

आणि निखारा?
तुरुतुरुतुरुतुरुतुरु! छबू धावली. पिल्लं धावली. येऊन बघतात तर निखारा झाला होता एवढुस्सा. मोहरीएवढा.
"मी... चाल... लो..." निखारा म्हणाला.
छबूने फुंकलं. फू! छबूची फुंकर ती केवढीशी!
मग छबूने हाक मारली, "शेळीमावशी! इकडे या. पाकळ्या तुम्ही खाल्ल्यात. आता निखारा तुम्ही फुंका."
"मी नाही..." शेळीमावशी म्हणायला लागली.
छबूने फक्त शेपटी जराशी वर केली.
"फुंकते! फुंकते! कोण नाही म्हणतंय?" शेळीमावशी म्हणाली.
फूऽऽ! फूऽऽ! फूऽऽ!
निखारा झाला लाल. लालेलाल! शेजारचे सगळे निखारे पेटले.
छबूने करवंटीत पाकळ्या घातल्या. गरगर, गरगर. रंग झाला गुलाबी.
खाली ठेवले निखारे. वर ठेवलं झाकण. झाकणावर ठेवले निखारे.
थोडा वेळ गेला. छबूने झाकण उचलून पाहिलं. झालं का? नाही.
पुन्हा उचलून पाहिलं. झालं का? नाही.
"अगं, सारखं उघडलंस तर मी भाजू कसं?" धोंडस म्हणालं.
मग छबू झाकणाकडे पाठ करून बसली. हात मांडीखाली घेऊन बसली. तेव्हा कुठे धोंडस भाजलं!
टम्म फुगलं. वर तांबूस, आत गुलाबी. आणि वास? अहाहा! गूळ आणि गुलाब!
वासावर कोंबडा आला. भुंगा आला. वारा आला, पण हळूच आला. शेळीमावशीही आली, जरा लांबच उभी राहिली.

छबूने केळीचं पान मांडलं. बुटुकला बसवलं. धोंडसाचा एवढुस्सा तुकडा तोडला. फुंकर मारली. गरम आहे का? आणखी फुंकर मारली. फार गार झालं का?
"दे गं बाई आता!" कोंबडा म्हणाला.
छबूने घास भरवला.
बुटुकने तोंड मिटलं.
बुटुकने नाक वाकडं केलं. डोळे बारीक केले. जीभ बाहेर काढली.
थू!
घास पडला पानावर. पच्च!
छबूचा चेहरा पडला. गूळ कमी झाला? पाकळ्या जास्त झाल्या? मी कशाला केलं धोंडस? खीरच करायला हवी होती!
"त्याला नको असेल तर मी खाते," लांबून शेळीमावशी म्हणाली.
बुटुकने शेळीकडे पाहिलं. बुटुकने घासाकडे पाहिलं.
तो वाकला. घास हुंगला. जिभेच्या टोकाने चाटला. जरासा.
थांबला.
पुन्हा चाटला. आणखी जरासा.
आणि मग? गट्ट!
घास गेला पोटात!
बुटुकने छबूकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. एवढ्याशा बुटुकचं केवढं मोठ्ठं तोंड!
"आऽऽऽ!"
मनूनेही तोंड उघडलं. "आऽऽऽ!"
तनूनेही तोंड उघडलं. "आऽऽऽ!"
छबू भरवत सुटली. इकडे घास, तिकडे घास. गट्ट, गट्ट, गट्ट! काळजी करायला वेळच उरला नाही.

करवंटी झाली चाटूनपुसून,
गोष्ट झाली ऐकूनबिकून.
आता हा घास कोणाचा? आऽऽऽ!